टेकडी कुठं कुठं गेली

वाशीमच्या आमच्या घराचं जोतं भरायचं काम चालू होतं, तेव्हा आई पहिल्यांदा प्लॉटवर आली. बाबा शाळेतून निवृत्त झाले होते. गावचं घर काकांकडे सोपवून दोघांनी शहरात राहायला यायचं ठरवलं होतं. शिरपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला एक नवं ले-आउट पडलं होतं, तिथं प्लॉट घेतला होता, आणि घर पुरं होईपर्यंत दोघं वाशीमातच दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होते. घराचा नकाशा मी काढला होता. मी अमरावतीला आर्किटेक्चर कॉलेजात शिकवते. दुसऱ्यांच्या मुलांना घरं काढायला शिकवण्यात माझी उमर चालली होती, पण आपल्या माणसांसाठी काढलेलं हे पहिलंच घर. त्यामुळं सुटी मिळाली की मी कारंज्यावरून येणारी बस धरून वाशीम गाठायची.

आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ फरशी टाकली तर ती फरशी टिकू देत नाही. म्हणून जोत्याच्या भिंती उभ्या झाल्या की आतली काळी माती काढून मुरूम भरतात, पाणी मारतात आणि धुमसानं ठोकून बसवतात. त्या दिवशी सकाळीच टिप्पर मुरूम टाकून गेला होता. जोत्याच्या चौकटीत लालसर ढीग पडले होते. आई बाबांबरोबर ऑटोनं आली. सगळ्यांसाठी डबा घेऊन आली होती. तिनं चपला बाहेर काढल्या, भिंतीच्या कडेशी आली, वाकली आणि ढिगातला मूठभर मुरूम उचलून तळहातावर पसरला. लाल रंगात पांढऱ्या कण्या होत्या. अंगठ्यानं ती त्या कण्या चोळत राहिली.

"हा मुरूम कुठचा हाय?" तिनं ठेकेदाराला विचारलं.

"एक नंबर मुरूम हाय काकू. कुठचाही असंना."

"हा आपल्या टेकडीचा हाय," आई माझ्याकडे वळून म्हणाली.

मी हसले. म्हटलं, "चांगलं झालं नं आई. गावची माती आली घरात."

तिनं मुरूम फेकला नाही, हात झटकला नाही. ढिगावर हात उलटा टेकवून तो हळूच खाली ठेवला. मग चपला घालून ती ऑटोत जाऊन बसली. मी बाबांकडे पाहिलं. बाबा शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडे पाहत होते. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. डबा तसाच राहिला, कोणी उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या भाड्याच्या खोलीत आई तुरीची डाळ निवडत बसली होती. मी समोर बसले. बोलली तेव्हा तिनं सुपातून नजर उचलली नाही.

"तुह्या अगोदर एक होता."

मला हे अगदीच माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी बायांच्या बोलण्यातून 'पह्यलं राह्यलं नाही' एवढं कानावर आलं होतं. प्रत्येक घरातल्या बायांकडे अशी अर्धी वाक्यं असतात आणि मुली मोठ्या झाल्या तरी ती पूर्ण करून कोणी मागत नाही.

"बारसं व्हायचं होतं त्याचं," आई म्हणाली. "दूध ओढणं सोडलं त्यानं. दवाखान्यात नेऊन राह्यले तं रस्त्यातच गेला. मंग टेकडीच्या पायथ्याशी नेला. हिवराच्या झाडाखाली. गावातले लहान लेकरं तिथीच ठेवत सारे."

पुरत, असं ती म्हणाली नाही. ठेवत, म्हणाली.

"तू गेली होती?"

"बाया जातेत का? मले तं बाजंवरून उठूही देलं नाही. मी आजवर ते जागा पाह्यली नाही."

तेव्हा मला एक जुनी गोष्ट उमगली. दरवर्षी दिवाळीच्या आधी गावातल्या बाया टोपल्या घेऊन टेकडीवर जात, अंगणात अंथरायला मुरूम आणत. आमच्या घरासमोरूनच टेकडीला पायवाट होती. पण आई सगळा वळसा घालून मारुतीच्या पाराकडून, पलीकडच्या अंगाला जायची. मी तिच्या मागं छोटी टोपली घेऊन असायची, पाय दुखायचे. एवढं लांब कशाला, म्हणून विचारलं की ती म्हणायची, "इकडचा खरखरीत हाय." दोन्हीकडचा मुरूम सारखाच होता. लाल, आणि त्यात पांढऱ्या कण्या.

मी ठेकेदाराला म्हटलं, हा भराव काढा, दुसरा आणू. तो कुरकुरला, पण तयार झाला. आईला सांगितलं तर तिनं विचारलं, "काढून कुठं टाकसान?"

उत्तर ठेकेदारानं दिलं. "कुठीही टाकू काकू. खड्डे काय कमी हायत गावात?"

"मंग राहू द्या," आई म्हणाली. "आला तिथं राहू द्या. ठोकू नका फक्त."

ठोकल्याशिवाय भराव बसत नाही, हे ठेकेदारानं तिला समजावलं, मीही समजावलं. ती ऐकेना. शेवटी बाबा म्हणाले, "ते म्हणते तसं करा." मग पाणी सोडून सोडून मुरूम बसू दिला, धुमस लावला नाही. आमच्या बैठकीच्या कोपऱ्यातली फरशी अजूनही पोकळ वाजते. बांधकामाच्या हिशेबानं तो दोष आहे. ती दुरुस्त करू का, असं मी कधी विचारलं नाही.

गावाकडे जाऊन टेकडी पाहून यायची कल्पना माझी. आई लगेच हो म्हणाली, याचं मला नवल वाटलं. आमचं गाव त्याच शिरपूरच्या रस्त्यावरून आत आहे. माझ्या चुलतभावाचं शेत टेकडीला लागून. आम्ही त्याला दादा म्हणतो. तो आमच्याबरोबर निघाला. मी कितीतरी वर्षांत त्या बाजूला फिरकले नव्हते. गावाला जायचं म्हणजे काकांच्या घरी जेवायचं आणि परत फिरायचं, एवढंच व्हायचं.

टेकडी फार उंच कधीच नव्हती. बोरी, सीताफळीची झुडपं, उन्हाळ्यात पिवळं पडणारं गवत आणि गावाच्या बाजूला ते हिवराचं झाड. आता गावाची बाजूच नव्हती. सुरीनं भाकर कापावी तशी टेकडी उभी कापलेली होती आणि त्या कापावर पोकलेनच्या दातांचे ओरखडे वरपासून खालपर्यंत होते. वर काळ्या मातीचा पातळ थर, त्याखाली तो लाल मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण, जिथं मशीनचं काही चाललं नाही. तळाशी हिरवं पाणी साचलेलं. वर्गात मी पोरांना इमारतीचा छेद काढायला लावते, म्हणजे घर मधोमध कापलं तर आत काय दिसेल ते दाखवायचं. इथं जमिनीचा छेद कोणीतरी काढून ठेवला होता आणि मी त्याच्यापुढं उभी होते.

"हिवर कुठी होता?" आईनं विचारलं.

दादानं इकडंतिकडं पाहिलं. मग हात वर केला आणि पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. "तिथी असन काकू."

तिथं काहीच नव्हतं. हवा होती. आई त्या हवेकडे पाहत राहिली. जन्मात पहिल्यांदा ती त्या जागेपाशी आली होती, आणि जागा जमिनीवर नव्हती.

"दोनेक उन्हाळे टिप्पर चालले," दादा सांगू लागला. "ई-क्लासची सरकारी जमीन. कोण बोलते? आमच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत आले तेव्हा म्या अडवले."

"काही निघालं का रे खणताना?"

आईनं हे इतकं सरळ विचारलं की दादा गडबडला. "लहान लेकरांचं काय राह्यते काकू. मातीच होते त्याईची."

"तेच तं म्हणून राह्यली मी," आई म्हणाली. "माती झाली. अन् माती नेली."

परतताना गाडीत ती झोपली, किंवा डोळे मिटून बसली.

बाबांशी बोलायला मला आणखी काही आठवडे लागले. स्लॅब टाकून झाला होता, आम्ही दोघं त्याखाली टेकू दिलेल्या बल्ल्यांच्या गर्दीत उभे राहून चहा पीत होतो. म्हटलं, "बाबा, जागा नक्की कोणती होती?"

बाबा मास्तर. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच, ही त्यांची सवय. पण हे उत्तर त्यांना तुकड्यातुकड्यानं द्यावं लागलं. "मी अन् तुहा काका गेलो. काकानं खणलं. मी घेऊन उभा होतो. वरतून काटे टाकले, गोटे ठेवले, जनावरानं उकरू नये म्हणून. निघताना मागं पाह्याचं नसते. नाही पाह्यलं मी." चहा संपवून त्यांनी कप विटेवर ठेवला. "मंग पुढं कधी पाह्यलंच नाही. त्यामुळं नक्की जागा मले नाही सांगता येत."

बाबांचा शाळेत जायचा रस्ता त्याच टेकडीखालून होता. मी त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत जायची. टेकडीच्या वळणावर आलो की बाबा मला पाढे विचारायचे. रोज, त्याच वळणावर. मला वाटायचं तिथं चढ आहे, दम लागू नये म्हणून ते माझ्याकडून बोलवून घेतात.

सुटी संपली, मी अमरावतीला परतले. दुसऱ्या वर्षाला घराचा छेद काढायचं काम चालू होतं. छेदात फरशीखाली ठिपके आणि बारीक त्रिकोण काढून भराव दाखवतात. एका मुलीनं नीट ठिपके काढले होते. बाण काढून तिनं मला विचारलं, "म्याडम, इथं 'मुरूम भराव' एवढंच लिहायचं ना?"

"कुठचा?" मी विचारलं.

तिला वाटलं मी गंमत करते आहे. ती हसली. मागच्या बाकावरची मुलंही हसली. मी पुन्हा विचारलं. कोणालाच सांगता येईना. मी इतकी वर्षं शिकवत होते आणि हा प्रश्न आमच्या वर्गात कधी आलाच नव्हता. आमचं शिक्षण कागदावरच्या जमिनीच्या रेघेपासून वर जायचं. रेघेखाली पाया, भराव, आणि मग कोरा कागद. त्या तासाला मी पुढं काही शिकवू शकले नाही. मुलांच्या टेबलांवर पंधरा-वीस घरं पसरली होती आणि प्रत्येकाच्या फरशीखाली मला ठिपके दिसत होते.

ठेकेदाराकडून मी टिप्परवाल्याचा पत्ता काढला. आता त्यानं टिप्पर विकून ले-आउट पाडायचा धंदा धरला होता. वाशीमात त्याचं ऑफिस होतं, पांढरे कपडे, भिंतीवर मोठा टीव्ही, समोर दोन-तीन माणसं बसलेली. मी टेकडीचं नाव घेतलं तसा तो सावध झाला.

"केस करायची हाय का म्याडम?"

"नाही."

"पेपरात द्यायचं हाय?"

"नाही. मला एवढंच पाहिजे, तो मुरूम कुठं कुठं टाकला."

"कायले?"

मी खोटं काही तयार करून आणलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं. त्यानं टीव्ही बंद केला आणि बसलेल्या माणसांना चहा सांगायला पाठवून दिलं. मग म्हणाला, "त्या टेकडीचा माल लय नामी होता म्याडम. पाणी मारलं की..." आणि मधेच थांबला. आपण कशाची तारीफ करतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं असावं. थोड्या वेळानं त्यानं जागा सांगायला सुरुवात केली. आमचं ले-आउट. त्याच्या पुढचं एक. रेल्वे स्टेशनकडच्या एका रस्त्याचा भराव. एका मंगल कार्यालयाचं आवार. काही जागा त्यानं सांगितल्या आणि लगेच 'नाही, थो दुसऱ्या खदानीचा होता' म्हणून मागं घेतल्या. "याद नाही राह्यत. टिप्पर काय, जिथं मागणी तिथं खाली."

मला वाटलं, झालं. पण दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "म्याडम, अजून एक आठोलं. शाळेचं मैदान. तिकडचे खड्डे आम्हीच भरून देले होते." पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग हे चालूच राहिलं. मी वर्गात असताना, जेवताना, बसमध्ये. कधी तो नुसता म्हणायचा, "म्याडम, पेट्रोल पंप," आणि फोन लगेच ठेवायचा नाही. त्याच्या मागं रस्त्याची वर्दळ ऐकू यायची. मग तो म्हणायचा, "ठेवतो." हा माणूस गाडीवरून गावात फिरत असताना काय पाहत असेल, हे मला समजत होतं. कारण वाशीमात उतरल्यावर मीही तेच पाहायला लागले होते. बसस्टँडवरून घरी जाताना ऑटो एखाद्या रस्त्याला लागला की माझे पाय आपोआप वर उचलले जायचे.

मी शहराचा एक नकाशा घेऊन त्यावर पेन्सिलीनं जागा दाखवत गेले. आईसाठी. तिला कुठंतरी हात ठेवता यावा, असं काहीतरी माझ्या मनात होतं. एका दुपारी नकाशा तिच्यापुढं पसरला. हे आपलं घर, हा स्टेशनचा रस्ता, ही शाळा. ती ऐकत गेली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "एका लेकराले किती जागी पाहू वं बाई?"

त्यानंतर तिनं त्याबद्दल मला काही विचारलं नाही. मीही शोध थांबवायला हवा होता. पण तोवर तो माझ्या हातात राहिला नव्हता. मुरमाचं विचारलं की वाळूचंही विचारावं लागतं. वाशीमच्या भिंतींमधली वाळू पैनगंगेची, आणि नदीच्या काठची माणसं सांगतात की पात्र खोल गेल्यापासून विहिरी आटल्या. विटा कोणाच्या तरी शेतातल्या वरच्या चांगल्या मातीच्या. नळाचं पाणी धरणाचं, आणि धरणाच्या तळाशीही कोणाची तरी जमीन. शहरात काय येतं, किती दिवस राहतं, कोणत्या रूपानं बाहेर जातं, याचा अभ्यास करणारी एक शाखाच आहे, हे मला वाचताना कळलं. शहर काय खातं, काय पचवतं, काय टाकून देतं, असं ती माणसं शरीराच्या भाषेत बोलतात. मला ती भाषा नवी वाटली नाही.

तेव्हा माझी पीएच.डी. शिरपूरच्या आणि आसपासच्या जुन्या मंदिरांच्या बांधणीवर चालली होती. मापं घेऊन झाली होती, निम्मं लिहूनही झालं होतं. मी विषय बदलते म्हटल्यावर मार्गदर्शक माझ्याकडे पाहतच राहिले. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "हे सिव्हिलवाल्यांचं काम आहे. आपण अवकाश घडवतो, ट्रक नाही मोजत." एक वर्ष या वादात गेलं. पण देवळाच्या पायरीवर टेप लावताना मी दगडाच्या कारागिरीकडे न पाहता हा दगड कुठून काढला असेल, तिथं आता काय असेल, असं पाहायला लागले होते. त्या मनानं मंदिरावर लिहिणं शक्य नव्हतं. मी विषय बदलला.

मुलं मात्र आनंदानं या कामाला लागली. त्यांच्या दृष्टीनं वर्गाबाहेर हिंडायला मिळत होतं. शहरातून बाहेर काय जातं ते पाहायचं होतं, म्हणून दोघा मुलांना मी वाशीमच्या जुन्या भागात पाठवलं. तिथं मातीची घरं पाडून स्लॅबची घरं होत होती. मलबा घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागं मोटरसायकलवरून जायचं आणि तो कुठं रिकामा होतो ते पाहायचं, एवढंच काम. दुपारी फोन आला.

"म्याडम, ट्रॅक्टर शिरपूर रोडनं येऊन आत वळला. इथं एक मोठी खदान आहे, पाणी आहे तिच्यात. तिथंच टाकून राह्यले सारे."

मला पुढचं विचारावं लागलं नाही. रविवारी मी एकटीच गेले. पाण्याच्या कडेनं मलब्याचा उतार तयार झाला होता. निळा रंग दिलेले भिंतींचे तुकडे, ओट्याची फुटकी शिळा, छपराचे कवेलू, बिजागरीसकट अर्धी चौकट. भिंतीच्या एका तुकड्यावर हळदीच्या हाताचे छापे होते, कोणाच्या तरी लग्नातले, चुना उडाला तरी बोटं स्पष्ट दिसत होती. शहरानं टेकडी नेली होती आणि आपली जुनी घरं आणून त्या जागी ठेवत होतं. कोणी ठरवून हे करत नव्हतं. भरलेला ट्रॅक्टर आणि रिकामा खड्डा, एवढाच त्यातला हिशेब. मला तिथं बरं वाटलं की भीती वाटली, ते आजही नीट सांगता येत नाही. शेळ्या चारणाऱ्या एका बाईनं हटकलं तेव्हा मी निघाले.

काम पुरं होत आलं तेव्हा मुलांनी वाशीमातच एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं. एका सभागृहात मोठे नकाशे लावले. टेकडीपासून शहरातल्या जागांपर्यंत त्यांनी लाल दोरे ताणले होते, टेकडीचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मुलांना त्यामागची माझी गोष्ट माहीत नव्हती. त्यांच्यासाठी तो एक स्रोत होता. पाहायला फारसं कोणी आलं नाही, कॉलेजची पोरं आणि दोन-चार अभियंते. दादा गावाहून आला, त्याच्याबरोबर आमच्या गल्लीतली एक म्हातारी होती. तिला दवाखान्यात दाखवायला आणलं होतं, वेळ होता म्हणून तो तिला इकडं घेऊन आला.

ती दोऱ्यांपुढं उभी राहिली. "हे काय रेघा हायत वं बाई?"

मी तिला सांगितलं. इथली माती इथं गेली, इथली इथं. तिला वाचता येत नव्हतं, पण टेकडी कोणती ते तिला मी न सांगताच समजलं. तिनं एका दोऱ्यावर बोट ठेवलं आणि बोट सरकवत दोऱ्याच्या टोकाशी नेलं. "हे काय हाय?"

"शाळा आहे. तिच्या मैदानात टाकली."

मी शाळेचं नाव सांगितलं. "या शाळेत माहा नातू जाते," ती म्हणाली. खुर्ची दिली तशी बसली. बराच वेळ ती त्या टोकाकडे पाहत होती. मग माझा हात धरून तिनं मला खाली वाकवलं. "माहे दोघं हायत त्या टेकडीत. मले बरं वाटलं वं बाई. खेळून राह्यलेत ते लेकराईत." आणि हात न सोडताच म्हणाली, "पण हे लोकाईले सांगू नका. लोकं आपल्या घरात राह्याले भेतीन."

ती गेल्यावर मी टेकडीचं नाव नकाशावरून काढून घेतलं. मुलांनी कारण विचारलं, मी काहीतरी सांगितलं. माझ्या प्रबंधातही ती टेकडी बिननावाची आहे, आणि प्रबंध तपासणाऱ्या एका परीक्षकानं त्यावर लाल शेरा मारला होता: स्थान नमूद नाही. तोंडी परीक्षेत तोच प्रश्न आला. मी म्हटलं, स्थानिकांच्या विनंतीवरून. तो प्रश्न तिथं संपला, त्यांच्यासाठी.

आता मी याच विषयावर काम करते. मोठ्या शहरांत बोलावणी येतात, तिथल्या उंच इमारतींत मला व्यासपीठावर बसवतात, आकडे आणि आलेख दाखवायला सांगतात. मी दाखवते. हॉटेलच्या गुळगुळीत फरशीवरून चालताना ऐकू यावं असं काही नसतं, पण मी ऐकत असते. बाबा थकलेत. आई उन्हाळ्याच्या दुपारी चटईसुद्धा न टाकता बैठकीत फरशीवर निजते. थंड वाटतं, म्हणते.

गेल्या हिवाळ्यात त्या टिप्परवाल्याचा फोन आला. बरेच महिने त्याचा फोन नव्हता. मला वाटलं, आणखी एक जागा आठवली असेल.

"म्याडम, घर बांधून राह्यलो सोताचं," तो म्हणाला. "जोतं झालं. भराव टाकाचा हाय."

"चांगलं झालं."

"कुठून आणू?"

मला प्रश्न कळला नाही असं दाखवावंसं वाटलं. माझ्याजवळ अर्ध्या जिल्ह्याच्या खदानींचे नकाशे होते. त्यातली एकही अशी नव्हती, जिच्यावर बोट ठेवून मी 'इथून आणा' म्हणाले असते. तो वाट पाहत होता. शेवटी मी म्हटलं, "जिथून आणायचा त्या गावात आधी जाऊन विचारा."

"कोणाले? सरपंचाले?"

"बायांना विचारा. म्हाताऱ्या बायांना."

तो हसला. पण तो गेला. कुठल्या गावी ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढं सांगितलं ते एवढंच: भाड्यानं घेतलेला टिप्पर खाली रस्त्यावर उभा करून तो गावात गेला, एका ओट्यावर बाया बसल्या होत्या, त्यांना टेकडीकडे हात दाखवून विचारलं. त्यांनी त्याला बसायला बारदाना दिला, पाणी दिलं, मग चहा केला. कोणीच बोलेना. चहा संपला तरी बोलेना. तो उठला आणि टिप्पर तसाच रिकामा घेऊन परत आला.

"मंग आता?" मी विचारलं.

"पाहू म्याडम," तो म्हणाला. "सध्या तं जोत्यात गवत उगोलं हाय."